वेतनकरारातील वाढ नेमकी कोणत्या रकान्यात पडते?

मागणीपत्र

आमच्या कारखान्यातील वेतनकराराची मुदत लवकरच संपत आहे आणि युनियनच्या समितीने नवे मागणीपत्र तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. करार झाला की फाटकावरच्या फलकावर एकच आकडा लिहिला जातो, ‘अमुक हजारांची वाढ’, आणि शेजारच्या कारखान्याच्या आकड्याशी त्याची तुलना सुरू होते. माझ्या मते हा आकडा कराराविषयी फारच थोडे सांगतो. तीच रक्कम मूळ वेतनात पडली की भत्त्यांत, पहिल्या दिवसापासून मिळाली की टप्प्याटप्प्याने, आणि कोणाला लागू झाली, यावर कराराची खरी किंमत ठरते. त्या गोष्टी मात्र सर्वसाधारण सभेत अर्ध्या मिनिटात वाचून संपतात.

टप्प्यांचेच उदाहरण घेऊ. तीन वर्षांसाठी १२,००० रुपयांची वाढ ठरली आणि ती ६०, २० व २० टक्के अशी विभागली, तर पहिल्या वर्षी दरमहा ७,२००, दुसऱ्या वर्षी ९,६०० आणि तिसऱ्या वर्षी १२,००० रुपये मिळतात. छत्तीस महिन्यांची बेरीज ३,४५,६०० रुपये होते. पूर्ण रक्कम पहिल्या महिन्यापासून मिळाली असती तर ती ४,३२,००० झाली असती. म्हणजे फलकावरचा आकडा १२,००० असला तरी करारकाळातील सरासरी वाढ ९,६०० रुपयांचीच आहे. एकरकमी दहा हजारांचा करार केलेली युनियन सभेत कमी पडलेली दिसते, पण तिच्या सभासदांना तीन वर्षांत जास्त पैसे मिळालेले असतात. (टप्प्यांच्या कराराला एक बाजू आहे, ती मान्य करतो: पुढच्या वाटाघाटीचा पाया १२,००० चा असतो.)

रकान्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, शिक्षण भत्ता, धुलाई भत्ता, हजेरी भत्ता, उत्पादन प्रोत्साहन अशा रकान्यांपैकी कोणत्या रकान्याचे पुढे काय होते, याचा हिशेब मांडून दाखवू शकतील अशा सदस्यांनी या धाग्यावर आपापल्या टोपणनावाने लिहावे. वाटाघाटीच्या टेबलावर पलीकडे बसणाऱ्यांनीही अवश्य लिहावे.

वेतनचिठ्ठी

मी अनेक वर्षे वेतन विभागात काम केले असल्यामुळे हिशेबापुरते लिहितो.

१०,००० रुपये मूळ वेतनात वाढले असे समजा. भविष्य निर्वाह निधीचे मालकाचे योगदान १२ टक्के दराने दरमहा १,२०० रुपयांनी वाढेल. अर्थात कंपनी पूर्ण वेतनावर योगदान भरत असेल तरच. सप्टेंबर २०१४ पासून कायद्याची वेतनमर्यादा १५,००० रुपयांची असल्यामुळे त्यापुढच्या वेतनावर योगदान भरण्याची सक्ती नसते. त्यामुळे ‘प्रत्यक्ष मूळ वेतन व महागाई भत्ता यांवर, कोणतीही मर्यादा न लावता’ हे शब्द करारात लिहिलेले आहेत की ती केवळ चालत आलेली प्रथा आहे, हे आधी तपासावे.

ग्रॅच्युइटीत, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेत, फरक सर्वांत मोठा पडतो. १९७२ च्या कायद्याचे सूत्र म्हणजे शेवटच्या वेतनाचे पंधरा भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षे. आजवर यातले ‘वेतन’ म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढेच धरले गेले. १०,००० रुपयांच्या वाढीवर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ५,७६९ रुपये वाढतात, आणि सूत्र शेवटचे वेतन धरत असल्यामुळे ही वाढ आधी झालेल्या सगळ्या वर्षांनाही लागू होते. निवृत्तीला आलेल्या, वीस वर्षे सेवा झालेल्या कामगाराला एका करारातून १,१५,३८५ रुपये अधिक मिळतात. हीच वाढ शिक्षण भत्त्यात घातली असती तर या हिशेबात ती शून्य धरली गेली असती. रजेचे रोखीकरण ज्या ठिकाणी मूळ वेतन व महागाई भत्त्यावर होते, तेथेही हेच घडते. याच कायद्याच्या कलम ४(५) नुसार करारातून कायद्यापेक्षा चांगल्या अटी मिळवता येत असत. पंधरा दिवसांऐवजी अधिक दिवसांचे सूत्र मागणीपत्रात लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही. ही मागणी फारशी कोणी करत नाही, कारण तिचा आकडा वेतनचिठ्ठीवर दिसत नाही.

दोन गोष्टींनी हे चित्र बदलले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात असा निकाल दिला की जे भत्ते सर्वांना सरसकट दिले जातात आणि ज्यांचा अधिक उत्पादनाशी किंवा जादा कामाशी संबंध दाखवता येत नाही, ते भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतनातच धरावे लागतील. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार कामगार संहितांमधील वेतनाची व्याख्या. या व्याख्येतून वगळलेल्या रकान्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर जास्तीची रक्कम वेतनातच मिळवली जाते. एकूण ४०,००० रुपयांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० असतील आणि उरलेले २६,००० वगळलेल्या रकान्यांत असतील, तर निम्म्यावरचे ६,००० रुपये वेतनात येऊन हिशेब २०,००० वर होईल. भत्ते फुगवून देणी कमी ठेवण्याची वाट यामुळे अरुंद झाली आहे, पण बंद झालेली नाही. निम्म्यापर्यंतची मोकळीक कायद्यानेच दिलेली आहे.

दुसरी पाळी

वेतनचिठ्ठी यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो वीस वर्षे सेवा झालेल्या माणसाचा आहे. माझी सेवा चार वर्षांची आहे. १०,००० रुपये मूळ वेतनात आले तर माझाही बारा टक्के वाटा कापला जातो आणि हातात ८,८०० येतात. भत्त्यात आले तर, आयकर सोडल्यास, पूर्ण १०,००० येतात. घरभाडे आणि कर्जाचे हप्ते आज भरावे लागतात. आमच्या विभागात निम्म्याहून अधिक कामगार पस्तिशीच्या आतले आहेत आणि सभेत मतदान झाले तर ते हातात येणाऱ्या रकमेकडे पाहूनच होईल. ज्येष्ठ सभासद याला अदूरदृष्टी म्हणतात, पण समितीत आमच्या वयाचा एकही प्रतिनिधी नाही, हेही त्यांनी लक्षात घ्यावे.

मागणीपत्र

दुसरी पाळी यांचा आक्षेप रास्त आहे. फक्त एक सुचवतो. जे १,२०० रुपये कापले जातात ते आपल्याच खात्यात जमा होतात आणि त्यांच्या जोडीला मालकाचे १,२०० येतात. भत्त्याच्या पर्यायात हे दुसरे १,२०० मुळातच जन्माला येत नाहीत. सभेपुढे तुलना मांडायची असेल तर ती ८,८०० विरुद्ध १०,००० अशी न मांडता ११,२०० विरुद्ध १०,००० अशी मांडावी लागेल. त्यांतले २,४०० आज हातात नाहीत, हे सांगूनच. समितीतील प्रतिनिधित्वाचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

पलीकडची बाजू

मी व्यवस्थापनाच्या बाजूने काही करारांत बसलो आहे, त्यामुळे ही बाजूही नोंदवतो. भत्त्यांचा आग्रह हा केवळ चलाखीचा प्रकार आहे असे मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. पाचशे कामगार, सरासरी पंधरा वर्षांची सेवा, आणि मूळ वेतनात १०,००० रुपयांची वाढ, एवढे धरले तर ग्रॅच्युइटीची देणी एका सहीने सुमारे ४ कोटी ३३ लाखांनी वाढतात, आणि लेखा मानकांनुसार त्यांची तरतूद लगेच दाखवावी लागते. माझे वरिष्ठ वाटाघाटीला बसण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारत: दरडोई दरमहा एकूण खर्च किती? त्या खर्चात निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, विमा, बस आणि कॅन्टीन हे सगळे आलेले असते. युनियन वाढीचा आकडा बोलते आणि आम्ही खर्चाचा आकडा बोलतो. अनेक वाटाघाटी महिनोन्महिने रखडतात त्या बऱ्याचदा यामुळेच. युनियनने स्वतःच खर्चाचा तक्ता मांडून ‘एवढ्या खर्चात आम्हाला रकान्यांची अशी वाटणी हवी’ असे म्हटले, तर आमच्यापाशी नाही म्हणायला कारणे कमी उरतात. मी असे करणारी युनियन एकदाच पाहिली आणि तो करार इतरांच्या मानाने लवकर झाला.

आणखी एक गोष्ट. करार हा देवाणघेवाणीचा एकत्रित दस्तऐवज असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये हर्बर्टसन्स प्रकरणात हेच म्हटले होते की करार न्याय्य आहे की नाही हे त्यातील एकेक कलम सुटे काढून पाहू नये, तो समग्र पाहावा. त्यामुळे सही झाल्यावर ‘हे कलम आम्हाला अन्यायकारक आहे’ असे म्हणत न्यायालयात गेलेल्यांच्या हाती सहसा काही लागत नाही. उत्पादकतेच्या कलमांबाबत तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण वाढीचा मोबदला आम्ही तेथेच वसूल करतो. हे उघडपणे लिहिण्यास मला संकोच वाटत नाही. दोन्ही बाजूंना ते ठाऊक असते.

निर्देशांक

चर्चा मूळ वेतन आणि भत्ते यांतच अडकली आहे. महागाई भत्त्याच्या कलमाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि तेच कलम करार टिकवते किंवा कुरतडते. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

महागाई भत्ता ठरतो तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. केंद्राचा श्रम ब्यूरो हा निर्देशांक दरमहा प्रसिद्ध करतो. सप्टेंबर २०२० पासून त्याची नवी मालिका सुरू झाली, तिचे पायाभूत वर्ष (ज्या वर्षीचा निर्देशांक १०० धरतात ते) २०१६ आहे आणि ती ८८ केंद्रांतील किमतींवर बेतलेली आहे. आधीची मालिका २००१ ची, तिच्या आधीची १९८२ ची आणि तिच्याही आधीची १९६० ची. नव्या मालिकेतील अंक २००१ च्या मालिकेत नेण्यासाठी २.८८ ने, तेथून १९८२ मध्ये नेण्यासाठी ४.६३ ने आणि तेथून १९६० मध्ये नेण्यासाठी ४.९३ ने गुणावे लागते. बँकांच्या करारात ८०८८ अंकांचा उल्लेख येतो तो यामुळे, कारण तेथील हिशेब पूर्वी १९६० च्या मालिकेत चालत असे. नव्या मालिकेत हेच अंक सुमारे १२३ होतात.

हे गुणक करारात लिहिलेले नसतील तर काय होते ते पाहा. समजा, २००१ च्या मालिकेतील प्रत्येक अंकामागे २० रुपये असे कलम आहे. नव्या मालिकेत निर्देशांक पाच अंकांनी वाढला. गुणक लावला तर ती वाढ १४.४ अंकांची, म्हणजे २८८ रुपयांची होते. न लावता नव्या अंकांनाच जुना दर चिकटवला तर ती १०० रुपयांची राहते. कलमातील एकही शब्द न बदलता भत्त्याची वाढ जवळपास दोन तृतीयांशाने घटते. म्हणून ‘मालिका बदलल्यास श्रम ब्यूरोने जाहीर केलेला जोडगुणक लावला जाईल’ एवढे वाक्य करारात असलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न दर रुपयांत असावा की टक्क्यांत, हा आहे. प्रतिअंक ठरावीक रुपये दिले तर खालच्या श्रेणीतल्या कामगाराला महागाईची जवळपास पूर्ण भरपाई मिळते आणि कुशल कामगाराला अर्धीमुर्धी. एकाचे वेतन २०,००० आणि दुसऱ्याचे ४०,००० आहे, महागाई दहा टक्के वाढली आणि दोघांनाही २,००० रुपये भत्ता वाढला असे धरा. पहिल्याचे नुकसान पूर्ण भरून निघाले, दुसऱ्याचे निम्मे; आणि दोघांमधील दुपटीचे अंतर १.९१ पटीवर आले. अशी काही वर्षे गेली की कुशल विभागातील माणसे युनियनवर नाराज होतात आणि त्यांना स्वतःलाही कारण नेमके सांगता येत नाही. टक्केवारीने हे अंतर टिकते, पण खालच्या श्रेणीला रुपयांत कमी मिळते. दोन्हींचे मिश्रण करता येते: एका मर्यादेपर्यंतच्या वेतनावर पूर्ण भरपाई, त्यापुढच्या वेतनावर कमी टक्के. मला व्यक्तिशः हा मार्ग पटतो, जरी सभेत तो समजावून सांगणे कठीण जाते.

तिसरी गोष्ट, ज्या वस्तूंच्या किमतींवरून निर्देशांक काढतात त्या टोपलीतील वजनांची. २००१ च्या मालिकेत खाद्यपदार्थांच्या गटाचे वजन ४६.२ टक्के होते, २०१६ च्या मालिकेत ते ३९.१७ टक्के झाले. कामगार कुटुंबांचा खर्च बदलला म्हणून वजने बदलली, हे ठीक आहे. पण ज्या कुटुंबात उत्पन्नाचा मोठा भाग अजूनही धान्य-भाजीवर जातो, तेथे खाद्यपदार्थ महागले की भत्ता पूर्वीइतका वाढत नाही, हेही तितकेच खरे आहे. निर्देशांक सरासरीचा असतो आणि वेतनचिठ्ठी एका घराची. ही त्रुटी भत्त्याच्या सूत्राने भरून निघत नाही, ती मूळ वेतनातच भरून काढावी लागते.

शेवटी, सर्वांत धोक्याचा प्रकार. ‘महागाई भत्ता करारकाळात स्थिर राहील, कारण महागाईची भरपाई ठरलेल्या वाढीत समाविष्ट आहे’ असे कलम अनेक करारांत आढळते. असा करार केला की महागाईचा सगळा जुगार कामगाराच्या बाजूला येतो. तीन वर्षांत महागाई कमी राहिली तर तो फायद्यात राहतो, भडकली तर वाढीचा मोठा भाग तिनेच खाऊन टाकलेला असतो. स्थिर भत्त्याची अट मान्यच करायची असेल, तर निर्देशांक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास भत्ता पुन्हा सुरू होईल, अशी तरतूद तरी मागावी. रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात १९९१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने चालत आलेली महागाई भत्त्याची पद्धत कामगारांच्या अहिताने बदलू दिली नव्हती. पण त्या ठिकाणी बदल मालकाला हवा होता. युनियनने स्वतः सही करून सोडलेला भत्ता परत मिळवून देण्यासाठी त्या निकालाचा आधार घेता येईल, असे मला वाटत नाही.

कलम अठरा

उत्पादकतेच्या कलमांविषयी पलीकडची बाजू यांनी जे लिहिले आहे त्यात कायद्याची एक बारीक गोष्ट जोडतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ नुसार सेवाशर्तींमध्ये काही बदल करायचे असतील तर मालकाला एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. त्याच कलमाचे परंतुक मात्र असे होते की बदल करारानुसार होत असेल तर नोटीस लागत नाही. म्हणजे ‘व्यवस्थापन आवश्यकतेनुसार कार्यमान निश्चित करील व कामगार सहकार्य करतील’ अशा मोघम वाक्यावर (कार्यमान म्हणजे ठरावीक वेळेत अपेक्षित काम) सही केली, की पुढच्या प्रत्येक बदलासाठी मालकाकडे तयार उत्तर असते. या कलमात आधारभूत उत्पादनसंख्या, मोजणीची पद्धत, मनुष्यबळाचा आकडा आणि वाद झाल्यास संयुक्त कार्य-अभ्यास हे लिहून घ्यावे.

करार कोणावर बंधनकारक आहे हाही प्रश्न आहे. त्याच जुन्या कायद्याच्या कलम १८(१) खाली परस्पर झालेला करार फक्त त्या पक्षांवर बंधनकारक असे. समेट अधिकाऱ्यापुढे (वाद मिटवण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे), कलम १२(३) खाली झालेला करार कलम १८(३) मुळे आस्थापनेतील सर्व कामगारांवर आणि नंतर नोकरीस लागणाऱ्यांवरही बंधनकारक होत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हा भेद राहिला आहे. एकच युनियन आहे म्हणून ‘परस्पर सही करून टाकू’ असे म्हणणाऱ्यांनी दोन वर्षांनी दुसरी युनियन उभी राहिल्यावर काय होईल याचाही विचार करावा. मुदत संपली म्हणजे कराराचे लाभ थांबतात, हा गैरसमजही सर्रास आढळतो. जुन्या कायद्याच्या कलम १९(२) नुसार एका बाजूने तो संपवण्याची लेखी नोटीस दिल्यावर दोन महिने होईपर्यंत करार बंधनकारक राहत असे. युनियनची मान्यता व अनुचित कामगार प्रथा यांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात तर कराराची अंमलबजावणी न करणे ही चौथ्या अनुसूचीतील बाब ९ नुसार अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे आणि तक्रारीसाठी नव्वद दिवसांची मुदत आहे.

वाटाघाटीचा हक्क कोणाकडे, हे ठरवण्याची पद्धत बदलत आहे. महाराष्ट्राच्या त्या कायद्यात मान्यतेसाठी सलग सहा महिने ३० टक्के सभासदसंख्या लागत असे. औद्योगिक संबंध संहितेत एकापेक्षा अधिक युनियन असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी युनियन होते, आणि तशी कोणी नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद बसते. हा हक्क चुकीच्या हाती अडकला की काय होते हे मुंबईने पाहिले आहे: १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार प्रातिनिधिक युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघच होता.

तात्पुरता

मी निश्चित मुदतीच्या नेमणुकीवर आहे. माझ्या बाजूच्या यंत्रावर तेच काम करणाऱ्या कायम कामगाराला करार लागू आहे, मला नाही. कायद्याने निश्चित मुदतीच्या कामगाराला समान कामासाठी कायम कामगारापेक्षा कमी वेतन व लाभ देता येत नाहीत, आणि नव्या संहितेत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अटही आम्हाला राहिलेली नाही. व्यवहारात मात्र आमच्यासाठी वेगळ्या नावाची श्रेणी निर्माण केली जाते आणि काम ‘समान’ नसल्याचे कागदोपत्री दाखवले जाते. या धाग्यावर एवढी सविस्तर चर्चा झाली आणि ‘करार कोणाला लागू’ या प्रश्नावर कलमे सोडून कोणी काही लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

निर्देशांक

तात्पुरता यांचा मुद्दा अधिक व्यापक आहे. एकाच करारात जुन्यांना एक आणि नव्यांना दुसरे अशी वाटणी कायम कामगारांमध्येही होते. बँकांमध्ये १ एप्रिल २०१० पासून लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी ठरावीक निवृत्तिवेतन योजना नाही, त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आहे. जे अजून नोकरीला लागलेलेच नाहीत त्यांचे मत सभेत नसते, म्हणून असा त्याग सहज मान्य होतो. पंधरा वर्षांनी तेच लोक बहुसंख्य होतात आणि तेव्हा युनियनला त्यांच्यापुढे उभे राहावे लागते.

वेतनचिठ्ठी

लाभांपैकी एका बाबीवर अजून कोणी लिहिलेले नाही. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. करारामुळे वेतन त्यावर गेले की योगदानाचा चालू कालावधी संपताच कामगार योजनेबाहेर पडतो. कामगाराचा ०.७५ टक्क्यांचा आणि मालकाचा ३.२५ टक्क्यांचा हप्ता थांबतो, म्हणजे मालकाची वाढीतून काही बचतच होते. कामगाराचे मात्र कुटुंबासह मिळणारे उपचार जातात, आणि आजारपणाच्या काळात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने मिळणारा रोख लाभही जातो. दवाखान्यांच्या अवस्थेवरून या योजनेला नावे ठेवणारे पुष्कळ असतात, पण मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचे मोल कळते. म्हणून अशा करारात गट आरोग्य विम्याचे कलम वाढीच्या कलमाइतकेच काळजीने लिहावे: विमा रक्कम किती, आईवडील समाविष्ट आहेत का, त्यांचा हप्ता कोणी भरायचा, आणि दरवर्षी हप्ता वाढला तर ती वाढ कोणाच्या माथी.

बोनसचेही असेच आहे. १९६५ च्या कायद्याची पात्रतामर्यादाही २१,००० रुपयांचीच ठेवलेली होती. त्यावर वेतन असलेल्यांना करारातून मिळते ती सानुग्रह रक्कम, आणि करारात नसेल तर कायद्याकडे बोट दाखवता येत नाही.

पलीकडची बाजू

विम्याबाबत एक व्यावहारिक सूचना करतो. करारात विमा रकमेचा आकडा लिहा, हप्त्याच्या रकमेचा लिहू नका. ‘कंपनी दरडोई अमुक रुपये हप्ता भरेल’ असे लिहिले की पुढच्या वर्षी त्याच हप्त्यात कमी संरक्षण मिळते आणि कंपनीने करार पाळलेलाच असतो.

मागणीपत्र

या सूचनेबद्दल विशेष आभार. आमच्या चालू करारात नेमका हप्त्याचाच आकडा आहे. तात्पुरता यांच्या मुद्द्यावर समितीत मतभेद होतील हे दिसत असले तरी निश्चित मुदतीच्या कामगारांना तीच वेतनश्रेणी लागू करण्याची मागणी मी मसुद्यात घालणार आहे.

आता फक्त थकबाकीविषयी विचारायचे आहे. बँकांचा अकरावा द्विपक्षीय करार ११ नोव्हेंबर २०२० रोजी झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. बारावा ८ मार्च २०२४ रोजी झाला आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. कोळसा उद्योगातही १९ टक्के किमान लाभाचा करार २० मे २०२३ रोजी होऊन १ जुलै २०२१ पासून लागू झाला. आमच्याकडेही उशीर होणारच आहे आणि मधल्या काळात काही ज्येष्ठ कामगार निवृत्त होतील. त्यांना थकबाकी आणि ग्रॅच्युइटीतील फरक मिळेल का?

कलम अठरा

करारात लिहिले तर मिळेल, आणि न लिहिल्यास वाद होईल. ‘करार लागू झाल्याच्या तारखेस हजेरीपटावर असलेले आणि त्यानंतर निवृत्त झालेले, राजीनामा दिलेले किंवा मृत्यू पावलेले सर्व कामगार अथवा त्यांचे वारस’ असे शब्द वापरावेत, आणि थकबाकीसोबत ग्रॅच्युइटी, रजा रोखीकरण व भविष्य निर्वाह निधी यांतील फरकाचाही स्वतंत्र उल्लेख करावा. व्यवस्थापन बहुधा ‘सहीच्या दिवशी हजेरीपटावर असलेले’ असे शब्द सुचवते. त्या दोन तारखांमध्ये आपल्याकडे किती जण निवृत्त होणार आहेत, त्यांची यादी वाटाघाटीला बसण्यापूर्वीच तयार ठेवावी.